परवानाधारक सुभद्राकाकू

सुभद्राकाकूंच्या दुकानातून खताचं पोतं घ्यायचं म्हणजे आधी ते पोतं ऐकावं लागायचं.

पोत्यावर जे जे छापलेलं असेल ते काकू पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवत. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं वाचन ते. अक्षरावर बोट ठेवून चाललेलं, जोडाक्षर आलं की जरा थांबणारं. "यु-रि-या. नत्र, शेहेचाळीस टक्के. निव्वळ वजन, पन्नास किलो. हुक लावू नका." एवढं झालं की चष्म्यावरून समोरच्याकडं बघायच्या आणि विचारायच्या, "ऐकलं का?" गिऱ्हाइकानं "ऐकलं" म्हटलं की मगच बिल फाटायचं. नुसती मान डोलावून भागायचं नाही.

पेरणीच्या दिवसांत दुकानापुढची रांग पार रस्त्यावर यायची. ट्रकवाले हॉर्न वाजवून बेजार व्हायचे. तरी काकू प्रत्येकाला त्याचं पोतं वाचून दाखवायच्या. रांगेतून एखादा ओरडायचा, "काकू, आत्ता त्याला वाचलं तेच हाय की!" काकू शांतपणे म्हणायच्या, "त्याचं पोतं येगळं, तुजं येगळं. तुला घाई असंल तर दुसरीकडं जा. तिथं मुकी पोती मिळत्यात."

आखाडा बाळापूरच्या मेन रोडवर काकूंच्या दुकानाला भिंत लागून माझं एस.टी.डी. बूथ होतं. मला धक्का बसायला फार काही लागत नाही. ताटातलं वांगं किडकं निघालं तरी माझा दिवस खराब होतो. अशा माणसाला देवानं नेमकं या बाईच्या शेजारचं दुकान भाड्यानं मिळवून दिलं. मी बूथमध्ये उदबत्ती लावून शांत बसायचो आणि पलीकडून काहीतरी असं ऐकू यायचं की उदबत्ती विझली तरी मला कळायचं नाही.

खरं तर काकूंनी दुकानात यावं अशी कुणाचीच इच्छा नव्हती, काकूंची स्वतःचीसुद्धा नाही. दुकान मूळचं त्यांच्या नवऱ्याचं, दत्तरावांचं. दत्तराव म्हणजे अघळपघळ, गोड बोलणारा माणूस. येणाऱ्याला चहा, जाणाऱ्याला पान. पण युरियाची टंचाई आली की हे एका पोत्यामागं एक टॉनिकची बाटली गळ्यात मारायचे. ती बाटली पिकावर फवारायची की बैलाला पाजायची, हे त्यांनाही धड सांगता यायचं नाही. दाराशी साठ्याचा आणि भावाचा फळा लावायचा असा नियम होता. दत्तरावांचा फळा दुकानात मांजर येऊ नये म्हणून मोरीच्या तोंडाशी लावलेला असायचा. एके साली कुणीतरी तक्रार केली, तपासणी झाली, आणि त्यांचा परवाना रद्द झाला.

अशा वेळी काय करायचं हे आमच्या बाजारात कुणाला शिकवावं लागत नाही. नवऱ्याचा परवाना गेला की बायकोच्या नावानं निघतो. दुकान तेच, कुलूप तेच, गल्ल्यावरचा माणूसही तोच. फक्त पेंटर येतो, पाटीवरचं एक नाव खरवडतो आणि दुसरं रंगवतो. दत्तराव कागद घेऊन घरात गेले. घर दुकानाच्या मागंच, मधे एक दार. काकू भाकरी थापत होत्या. पिठाचे हात पुसून त्यांनी दाखवतील तिथं सह्या केल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली. पाटीवर 'प्रो. सौ. सुभद्राबाई' असं लाल अक्षरात झळकलं. ती बघायलाही काकू बाहेर आल्या नाहीत.

पुढं सगळं सुरळीत चाललं होतं. मग खत निरीक्षक आले.

हे साहेब नवीन होते, तरुण होते आणि पुस्तकात लिहिलंय तसं बोलायचे. दुकानात आल्या आल्या म्हणाले, "परवानाधारक कोण?"

"मीच की," दत्तराव म्हणाले आणि चहा सांगायला उठले.

"तुमचं नाव सुभद्राबाई आहे?"

दत्तराव हसले, पण साहेब हसले नाहीत. शेवटी मागच्या दारातून काकूंना हाक गेली. काकू डोक्यावर पदर घेऊन दारात उभ्या राहिल्या. साहेबांनी एकेक नियम सांगितला. साठ्याचा फळा रोज लिहायचा, बिलाशिवाय पोतं द्यायचं नाही, महिन्याच्या महिन्याला विक्रीचा अहवाल तालुक्याला द्यायचा, मुदतीच्या आत फी भरून नूतनीकरण करायचं. काकू खाली बघून ऐकत होत्या. शेवटी साहेब म्हणाले, "आणि उद्या काही भानगड निघाली, तर केस तुमच्यावर होईल."

काकूंनी मान वर केली. "माज्यावर?"

"हो."

"म्हंजे जेलात मी जायाचं?"

"वेळ आली तर."

"अन् हे?"

"यांचं नाव कुठंच नाही, बाई. कायद्यानं या दुकानात यांचा काही संबंध नाही."

काकूंनी पदर सावरला. आत गेल्या. मला वाटलं आता घरात रडारड होणार, म्हणून मी बूथचा पंखा बंद करून कान लावला. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला. मग भांड्यांचा आला. मग काकू बाहेर आल्या. धुतलेलं लुगडं नेसलेल्या, हातात डबा, नाकावर चष्मा. गल्ल्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उठा."

"काहून?"

"नाव कोणाचं हाय?"

दत्तरावांना वाटलं बायको थट्टा करून राहिली. समोरच्या हॉटेलातले लोकही हसायला लागले. काकू तशाच उभ्या. शेवटी दत्तराव उठले. काकू बसल्या, डबा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "फळा कुठं हाय?"

बाजारपेठेतल्या गल्ल्यावर बाई बसलेली आम्ही कुणी पाहिली नव्हती, आणि तीसुद्धा नवऱ्याला उठवून. त्या दिवशी माझ्या बूथवर चार लोकांनी आपल्या गावाला फोन केले आणि चौघांनीही हीच बातमी सांगितली. मी स्वतः घरी जेवताना बायकोला काही सांगितलं नाही. नको ते तिच्या डोक्यात यायचं.

तेव्हापासून 'नाव कोणाचं हाय?' हे काकूंचं सगळ्याचं उत्तर झालं. कंपनीचा एजंट 'साहेबांना बोलवा' म्हणाला की, नाव कोणाचं हाय? हमालानं पोत्याला हुक लावला की, वाचता येत न्हाई का, नाव कोणाचं हाय? परवान्याला त्यांनी काचेची फ्रेम करून घेतली होती. दसऱ्याला वजनकाट्याच्या आधी त्या फ्रेमला हळद-कुंकू लागायचं. नूतनीकरणाची वेळ यायच्या कितीतरी आधी काकू फी भरून मोकळ्या व्हायच्या. महिन्याचा अहवाल द्यायला एस.टी.नं कळमनुरीला जायच्या आणि पोच घेतल्याशिवाय हलायच्या नाहीत. पहिल्यांदा गेल्या तेव्हा तिथला कारकून गांगरून म्हणाला, "बाई, पोस्टानं पाठवला असता तरी चाललं असतं." काकू म्हणाल्या, "पोस्टमन परवानाधारक हाय का?"

एकदा त्यांनी मला असं हादरवलं की मी चालू फोन हातातून सोडला. युरियाची भयंकर टंचाई होती. सगळ्या दुकानांच्या दारात शेतकरी, आणि सगळी दुकानं 'माल नाही' म्हणून हात वर करून बसलेली. माल कुठं होता ते आम्ही बाजारवाले जाणून होतो. अशा दिवशी सकाळी काकूंनी फळा धुतला आणि हातभर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'युरिया आहे.' खाली पोत्यांचा आकडा. वर भाव, सरकारी.

दत्तरावांनी कपाळाला हात लावला. "अगं, लोक दार मोडतील!"

"मोडू द्या. हाय तर हाय लिवायचं. न्हाई तर न्हाई लिवायचं. त्यात काय अवघड हाय?"

लोकांनी दार मोडलं नाही, पण माझ्या बूथची काच फोडली. दुपारपर्यंत काकूंचा घसा बसला. तरी शेवटच्या माणसालासुद्धा पोतं ऐकवूनच दिलं. संध्याकाळी फळ्यावर 'युरिया नाही' असं लिहिलं. बाकीचे दुकानदार तोंड वाकडं करून आले आणि म्हणाले, "काकू, धंद्यात असं चालत न्हाई." काकू कागदावर लिहून म्हणाल्या, कारण आवाजच राहिला नव्हता, "परवान्यात चालतं."

नवऱ्यालाही सूट नव्हती. घरच्या शेताला खत न्यायचं तर दत्तराव रांगेत उभे राहायचे. त्यांच्यापुढंही पोतं वाचलं जायचं, त्यांनाही "ऐकलं" म्हणावं लागायचं, आणि त्यांच्याही नावानं बिल फाटायचं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या तोंडातला चहा बाहेर आला. आपल्याच दुकानात आपल्याच बायकोकडून बिल घेऊन तो माणूस पोतं पाठीवर टाकून निघाला आणि हॉटेलातून कुणीतरी ओरडलं, "काका, पावती जपून ठेवा, मॅडम तपासतील!" दत्तरावही सगळ्यांबरोबर हसले. ते नेहमीच हसायचे. पुढं पुढं ते दुकानात कमी आणि हॉटेलातल्या बाकावर जास्त दिसायला लागले.

मग परभणीतून फुटून आमचा हिंगोली जिल्हा झाला. गावात पेढे वाटले गेले. काकूंची मात्र झोप उडाली. त्यांच्या परवान्यावर जिल्हा परभणी असं होतं. फ्रेम पिशवीत घालून त्या हिंगोलीला पोचल्या, तेव्हा नव्या कार्यालयात अजून टेबलंसुद्धा लागायची होती. सामानाच्या खोक्यावर बसलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, "साहेब, जिल्हा बदलला. मी हाय तीच हाय का?" त्या भल्या माणसानं हात जोडून सांगितलं, "आहात, बाई. तुम्ही आहात तशाच आहात." हे ऐकून काकू इतक्या खूश झाल्या की परत येताना माझ्यासाठी केळी घेऊन आल्या.

मला तेव्हा त्यांची गंमत वाटायची. आज कळतं की त्या बाईच्या नावावर जन्मात दुसरं काहीच नव्हतं. शेत सासऱ्याच्या नावचं, घर नवऱ्याच्या नावचं, आणि मूलबाळ झालं नाही म्हणून आई म्हणून लागणारं नावही नाही. काचेतला तो एक कागद तेवढा त्यांचा होता. तो जाऊ नये म्हणून त्यांचा जीव वर-खाली व्हायचा.

आणि तोच जायची वेळ आली.

त्याचं असं झालं. काकू भाचीच्या लग्नाला वसमतला गेल्या. जाताना दत्तरावांना बजावून गेल्या की फळा लिहा, बिल फाडा आणि पोतं वाचा. काकूंची एस.टी. वळणाआड गेली न गेली तोच दत्तराव माझ्या बूथवर आले. आत जाऊन त्यांनी कुणालातरी फोन लावला. कितीही दार लावलं तरी त्या माणसाचा आवाज बाहेर यायचाच. "व्हय, पाठवा गाडी. बिलाचं राहू द्या. आज मीच हाय दुकानात."

संध्याकाळी मिश्र खताची गाडी खाली झाली. भाव बाजारापेक्षा कितीतरी कमी. दत्तराव गल्ल्यावर बसले होते, नवा सदरा घालून. मला बोलावून चहा पाजला, पान दिलं. हॉटेलातल्या लोकांनाही पाजला. इतकं खुशीत मी त्यांना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. तांड्यावरचे रामजी राठोड आले, त्यांना दत्तरावांनी काही पोती दिली. पोतं वाचलं नाही, बिल फाडलं नाही. "घेऊन जा रे, घरचंच हाय," म्हणाले.

काकू लग्नाहून आल्या, पाय धुतले आणि सरळ दुकानात आल्या. नवीन पोती बघितली. एक गिऱ्हाईक उभंच होतं. काकूंनी पोत्यावर बोट ठेवलं. वर एक मोठ्ठा हसरा शेतकरी छापला होता, हातात कापसाचं बोंड. खाली लिहिलं होतं, 'भरघोस पीक'.

"भर-घोस पीक," काकूंनी वाचलं. मग बोट पुढं सरकलं. पुढं काहीच नव्हतं. त्यांनी पोतं उलटं करायला लावलं. मागंही तोच शेतकरी हसत होता. कोणी बनवलं, कुठं बनवलं, आत काय किती टक्के आहे, एक अक्षर नव्हतं.

काकूंचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकाला त्यांनी परत पाठवलं. दत्तरावांना एवढंच विचारलं, "किती गेली?"

दत्तराव पुटपुटले, "रामजीला दिली थोडी. बाकी हायेत. अगं, चांगला माल हाय, समदे इकून राहिले..."

काकू माझ्या बूथवर आल्या. मला वाटलं त्या गाडीवाल्याला फोन करून माल परत न्यायला सांगणार. कुणाही शहाण्या माणसानं तेच केलं असतं. रात्रीत गाडी आली असती, माल गेला असता, कुणाला पत्ता लागला नसता. काकूंनी तालुक्याला निरीक्षक साहेबांना फोन लावला.

"साहेब, परवानाधारक बोलते. तक्रार द्यायची हाय. दुकानात खराब माल आलाय. नमुना काढायला या."

पलीकडून साहेबांनी विचारलं असावं, कुणाच्या दुकानात?

"माज्या."

मग विचारलं असावं, तक्रार कुणाची?

"माजीच."

मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. मागं दत्तराव येऊन उभे राहिले होते. "सुभद्रे, परवाना जाईल गं," ते म्हणाले.

"जाईल तर जाईल," काकू म्हणाल्या, पण फोनचे पैसे त्यांनी दोनदा दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामजी राठोड बैलगाडीत पोती घालून स्वतःच हजर. काकूंनी निरोप धाडायच्या आधीच. काकू घाबऱ्या झाल्या, "रामजी, रानात टाकलं न्हाई ना?"

रामजी म्हणाले, "न्हाई, काकू. काकांनी थैली वाचलीच न्हाई. मंग घरी मन लागंना. म्हनलं, काकू येतील, ऐकवतील, मंग फोडू."

इतकी वर्षं ज्या वाचनाला आम्ही सगळे हसलो, ते या माणसानं इतकं मनावर घेतलं असेल असं मला वाटलं नव्हतं. काकूंनी त्यांची पोती उतरवून घेतली आणि दुसरी दिली. अर्थात, वाचून.

साहेब आले. पोत्यात टोकदार नळी खुपसून त्यांनी खत काढलं, कागदावर पसरून एकत्र केलं, त्याचे सारखे तीन भाग केले आणि पिशव्यांना लाखेची सीलं ठोकली. एक भाग प्रयोगशाळेला, एक कार्यालयाला, एक काकूंना. काकूंनी आपल्या भागावरचं सील दोनदा निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "शिक्का वाकडा बसलाय, साहेब." साहेबांनी परत लाख वितळवली. त्या पोत्यांची विक्री बंद करून ते गेले.

निकाल यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत दत्तराव अगदी आटून गेले. हॉटेलात जायचं बंद झालं. काकू रोज फळा लिहायच्या, पण पोतं वाचताना मधेच ओळ चुकायच्या. आणि एका दुपारी साहेब परत आले. नमुना नापास झाला होता. खत कमी आणि मातीच जास्त.

पंच म्हणून मला आणि समोरच्या हॉटेलवाल्याला बोलावलं. दुकानाबाहेर निम्मा बाजार गोळा झाला. साहेब चार-पाच वर्षांत जरा मऊ झाले होते. त्यांनी काकूंना खुर्ची दिली आणि हळू आवाजात म्हणाले, "काकू, नीट ऐका. तुम्ही स्वतः तक्रार केलीत, हे मी लिहिलंय. माल आला तेव्हा तुम्ही वसमतला होतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे. माल दत्तरावांनी तुम्हाला न विचारता मागवला एवढं सांगा. तुम्हाला ताकीद मिळेल, परवाना राहील. केस त्यांच्यावर होईल. त्यांच्यावर आधीचा ठपका आहे, त्यामुळं जरा जड जाईल. पण खरं तेच आहे."

काकू काय सांगणार यात कुणाला शंका नव्हती. ज्या बाईनं नवऱ्याला रांगेत उभं करून बिल फाडलं, ती खऱ्याला कशाला मागं सरेल? दत्तरावांनीही तेच धरलं होतं. ते पुढं आले. "साहेब, माल मी..."

"तुमी गप बसा!" काकू इतक्या जोरात ओरडल्या की हॉटेलवाला दचकून मागं सरकला. "परवानाधारक कोण हाय?"

मग साहेबांकडं वळून म्हणाल्या, "माल मी मागवला."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. साहेबांनाही तसंच वाटलं असावं. ते म्हणाले, "काकू, तुम्ही वसमतला होतात."

"मंग? वसमतला फोन न्हाई का?"

"बिल का नाही घेतलं?"

"चुकलं."

"तुम्ही? तुम्ही बिल घ्यायला विसरलात?"

"मानूस हाय मी. लिवा."

साहेबांनी पेन हातात धरलं आणि माझ्याकडं बघितलं. गाडी कुणी मागवली हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. पण साहेबांनी मला काही विचारलं नाही आणि मी आपण होऊन काही सांगितलं नाही. ते मान खाली घालून लिहायला लागले. काकूंनी ते सगळं स्वतः वाचलं, अक्षरावर बोट ठेवून, आणि खाली सही केली. इतकी वर्षं फळ्यावर एक पोतं इकडचं तिकडं न लिहिणारी ही बाई, सरकारच्या कागदावर, दोन पंचांसमोर धडधडीत खोटं बोलली. मी इतका सुन्न झालो की माझी सही दुसऱ्याच रेघेवर झाली.

"मूळ परवाना जमा करावा लागेल," साहेब म्हणाले.

काकूंनी स्टुलावर चढून भिंतीवरची फ्रेम काढली, पदरानं पुसली आणि दोन्ही हातांनी पुढं केली. "काच हाय, साहेब. जपून न्या." साहेबांना फ्रेम नको होती, कागद हवा होता. तरी ती फ्रेम मांडीवर आडवी धरूनच ते जीपमध्ये बसले.

गर्दी पांगली. बाजारात त्या संध्याकाळी दुसरा विषय नव्हता. मला राहवेना. बूथ बंद करून मी गेलो. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं होतं आणि काकू बाहेर पायरीवर बसल्या होत्या.

"काकू," मी म्हणालो, "का केलंत हे? परवाना राहिला असता."

"प्रकाशा, तू रोज हितंच असतोस," त्या म्हणाल्या. "तुला दिसलं न्हाई का? मी यांना गल्ल्यावरून उठवलं, ते साऱ्या बाजारादेखत उठवलं. कायद्यानं बराबर केलं. पर मानूस तिकडं हॉटेलात बसायचा अन् लोक हसायचे. गल्ल्यावरून समदं दिसतं, बाबा. मी बघायची अन् पोतं वाचत बसायची. तो माल यांनी चार पैशासाठी न्हाई आणला. एक दिस तरी आपून दुकान चालवून दावावं, म्हून आणला."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "पण तुमचं म्हणावं असं तेवढंच तर होतं, काकू."

"व्हय. माजं होतं, म्हून तर देता आलं."

घरातून भांडं पडल्याचा आवाज आला. मग दत्तरावांचा आवाज आला. लग्न झाल्यापासून हा माणूस स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा गेला नव्हता. "अगं सुभद्रे," ते आतून विचारत होते, "चहात पत्ती आधी टाकायची का साखर?"

परवाना काढून देताना त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता त्या पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. आत दत्तराव पुन्हा विचारत होते, म्हणून मीच ओरडून सांगितलं, "काका, काहीही आधी टाका!"